मरायला मनाई असलेला दवाखाना

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या देवस्थानात कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही, असा कडक नियम होता. आरोग्याचा देव अस्क्लेपियस याचं हे सर्वांत नावाजलेलं ठाणं. दूरदूरचे रोगी इथे येत. पण एखाद्याचं आता काही खरं नाही असं दिसलं, की त्याची जागा हद्दीबाहेर. तिथे तो उघड्यावरच प्राण सोडी. पौसॅनियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला होता. अँटोनायनस नावाच्या रोमन सिनेटरने आसन्नमरण माणसं आणि बाळंतिणी यांच्यासाठी एक इमारत बांधून दिल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. देवस्थान भरभराटीला येऊन तोवर पाचशे वर्षं होत आली होती!

जगातली पहिली रुग्णालयं म्हणून अस्क्लेपियसच्या देवळांचं नाव सर्रास घेतलं जातं. मला ते पटत नाही. तिथे उपचार होते, पाहुण्यांसाठी 160 खोल्यांची धर्मशाळा होती, हजारो प्रेक्षक बसतील असं नाट्यगृह होतं. पण ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच तिथे थारा नव्हता.

उपचारांचा गाभा होता झोप. रोगी स्नान करून शुद्ध व्हायचा, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि रात्री 'अबाटन' नावाच्या लांब ओवरीत झोपायचा. देव स्वप्नात येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो, ही श्रद्धा. बरे झालेल्यांच्या हकिकती दगडी फलकांवर कोरून ठेवत. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या अशा सुमारे 70 हकिकती सापडल्या आहेत आणि त्या वाचताना मजा येते. युफानिस नावाच्या मुलाला मुतखडा झालेला. देव स्वप्नात विचारतो, "तुला बरं केलं तर मला काय देशील?" पोरगा म्हणतो, "दहा फासे." देवाला हसू येतं आणि तो मुलाला बरं करतो. दुसऱ्या एकाच्या पोटात गळू होतं. देवाने पोट चिरून ते काढल्याचं स्वप्न त्याला पडलं. सकाळी तो ठणठणीत बाहेर आला, पण ओवरीची जमीन रक्ताने माखली होती म्हणे. रात्री खरोखरच कुणी हत्यार चालवलं, की गळू आपोआप फुटलं? फलक त्याबद्दल गप्प आहे.

बरं झालेला माणूस देवाला काहीतरी वाहून जाई. कॉरिंथच्या देवळात भाजक्या मातीचे हात, पाय, कान, स्तन ढिगाने सापडले. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात किंवा वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय, त्याच जातीचा हा नवस. सगळेच ग्रीक भाबडे होते असंही नाही. इसवी सनपूर्व 388 मधल्या अ‍ॅरिस्टोफेनिसच्या एका नाटकात, दिवे मालवल्यावर पुजारी नैवेद्याच्या वड्या आणि अंजिरं गुपचूप पिशवीत भरताना दिसतो.

तरीही लोक बरे होत असणार. बरेचसे आजार काही दिवसांनी आपले आपण ओसरतात. त्यात विश्रांती, मोकळी हवा, बरं होण्याची पक्की खात्री आणि डोंगराळ वाट तुडवून येण्याइतकी अंगात उरलेली ताकद. शिवाय गुण न आलेल्यांची हकिकत कोण कोरणार?

हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या परंपरेतले वैद्य मात्र स्वप्नातल्या देवावर विसंबत नसत. त्यांच्या दवाखान्याविषयीच्या एका ग्रंथात बारीकसारीक सूचना आहेत: रोग्याचा दुखरा भाग उजेडाकडे असावा, वैद्याची नखं बोटांच्या टोकांच्या पुढे येऊ नयेत की मागे राहू नयेत, दोन्ही हातांनी काम करण्याचा सराव असावा. पण हा दवाखाना म्हणजे आजच्या भाषेत ओपीडी. पट्टी बांधली की रोगी घरी. आणि रोगाने पुरतं ग्रासलेल्याला हात लावू नये, असं याच परंपरेतला दुसरा एक ग्रंथ सांगतो. नाव बुडण्याची भीती वैद्यालाही असतेच.

मरणासन्न परक्याला अंथरूण देण्याची रीत रुजली ती पुढे, ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती पूर्वेत. इसवी सन 370 च्या आसपास बिशप बेसिल यांनी सीझरियाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळ, गोरगरीब, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. तिथे वैद्य होते, परिचारक होते.

या परंपरेचं सर्वांत तपशीलवार चित्र 1136 चं आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट दुसरा जॉन कोम्नेनॉस याने कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, पँटोक्रॅटर मठ बांधला आणि त्यातल्या रुग्णालयाची नियमावली लिहवून घेतली. एकूण 50 खाटा: जखमा आणि मोडलेल्या हाडांसाठी 10, डोळ्यांच्या आणि पोटाच्या विकारांसाठी 8, बायकांसाठी 12, बाकी सर्वसाधारण रोग्यांसाठी. प्रत्येक खाटेला गादी, उशी, पांघरूण. ज्याला उठवतच नाही अशासाठी मधोमध भोक पाडलेल्या गाद्यांच्या जादा खाटा वेगळ्या. हत्यारांना धार लावणारा, कपडे धुणाऱ्या बायका, वैद्यक शिकवणारा शिक्षक आणि प्रेतं उचलणारी माणसं, सगळे पगारी. बायकांच्या विभागात एक स्त्री-वैद्य नेमलेली. तिचा पगार पुरुष वैद्यांपेक्षा कमी, तेही नियमावलीत लिहूनच.

यातलं प्रत्यक्षात किती पाळलं गेलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काहींना ही आधुनिक रुग्णालयाची आजी वाटते, तर काहींना सम्राटाने हौसेने केलेली कागदावरची मांडामांड. इमारतीकडून पुरावा मिळण्याची आशा कमीच: मठाची चर्चेस आज इस्तंबूलची झेरेक मशीद म्हणून उभी आहेत, रुग्णालयाचा मात्र मागमूस उरलेला नाही.