खिळ्याने नव्हे, उष्णतेने गेलेला टायर

ठाण्याहून पहाटे साताऱ्याला निघालो होतो. ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्ता संपवून तुर्भ्याजवळ सायन-पनवेल महामार्गाला लागलो आणि उरण फाटा ओलांडताना स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढत असल्याचे जाणवले. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे थोडा उतार असतोच, अशी स्वतःची समजूत घालून मी तशीच तीनेक किलोमीटर गाडी दामटली. खारघरच्या आसपास धपधप असा आवाज येऊ लागला, तेव्हा मात्र गाडी कडेला घ्यावी लागली. पुढचा डावा टायर पार बसला होता.

गाडीचे वजन रबर पेलते असे आपण धरून चालतो, पण ते बव्हंशी आतली हवा पेलते. हजार-बाराशे किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला ३३ पौंड) दाब असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो भार तोलला जातो. भागाकार केला की १३० चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे बोटांसह तळहाताएवढी जागा. एवढाच टायर एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. दाब निम्म्यावर आला की तोच भार तोलण्यासाठी जवळजवळ दुप्पट जागा टेकवावी लागते, आणि त्यासाठी टायरला आपल्या बाजूच्या भिंती वाकवून खाली बसावे लागते. असा वाकलेला टायर फिरायला अधिक विरोध करतो, म्हणून गाडी त्या बाजूला ओढली जाते. स्टिअरिंग मला हेच सांगत होते.

चाक बदलण्याचा क्रम पक्का आहे आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. नट आधी सैल करायचे आणि जॅक नंतर लावायचा, कारण चाक जमिनीवर टेकलेले असते तोवर घर्षण त्याला फिरू देत नाही. उचललेले चाक पान्याबरोबर गरगर फिरते, आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरण्याची भीती असते ती वेगळीच. नट साधारण १०० न्यूटन-मीटर बलाघूर्णाने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळलेले असतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला त्यासाठी ४० किलोच्या आसपास जोर लागतो. पान्यात अर्धा मीटर लांबीचा पाइप घातला की निम्म्या जोरात काम होते.

त्याआधी मागच्या चाकाला दगड लावावा. गाडी गिअरमध्ये ठेवली की ती हलणार नाही, असे अनेकांना वाटते. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचेच एक चाक उचलले, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे, ते हवेत मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक तितकेच उलट घरंगळू शकते. त्या क्षणी गाडीला धरून ठेवतो तो मागच्या चाकांचा हँडब्रेक आणि तो दगड.

जॅकचे हँडल एकदा फिरवताना आपला हात जवळपास मीटरभर अंतर कापतो, तर गाडी जेमतेम काही मिलिमीटर वर येते. अंतराच्या बदल्यात बळ मिळवण्याचा हा सौदा आहे. त्यात आपली बरीचशी ऊर्जा स्क्रूच्या आट्यांमधल्या घर्षणात वाया जाते. मात्र याच घर्षणामुळे हँडल सोडल्यावर गाडीच्या वजनाने स्क्रू उलटा फिरत नाही. तरीही जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नयेत.

स्टेपनी हा आपल्याकडे अगदी घरचा झालेला शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावरच बसवता येईल अशी, आऱ्या नसलेली जादा रिम विकायला काढली. त्या काळी मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. आता काळाचे चक्र उलटे फिरले आहे: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे साहित्य आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनीशिवाय गाडी विकण्याची मुभा आपल्या नियमांनी २०२० मध्ये दिली.

आमच्याकडे स्टेपनी होती, पण वर्षभरात तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. रबर हवाबंद वाटले तरी हवेचे रेणू त्यातून हळूहळू झिरपतात आणि महिन्याला एखादा पीएसआय सहज कमी होतो. त्या अर्धवट फुगलेल्या स्टेपनीवर अगदी हळू चालवत आम्ही कळंबोलीला पंक्चरवाल्याकडे पोहोचलो.

त्याने टायर फिरवून खिळा शोधला. खिळ्याचे डोके घासून आरशासारखे चकचकीत झाले होते, म्हणजे तो कित्येक दिवस टायरमध्येच मुक्कामाला होता. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणाऱ्या खास रबराचा थर असतो. तो रुतलेल्या खिळ्याला घट्ट आवळून बसतो आणि हवा अगदी संथपणे निसटते. म्हणूनच दुरुस्तीची सोय होईपर्यंत खिळा उपटू नये. छिद्र तर दहा मिनिटांत बुजले असते. पण त्याने टायर रिमवरून उतरवला, आत हात फिरवला आणि बोटे माझ्यासमोर धरली. त्यांवर रबराचा काळा, खरखरीत भुगा होता. बाजूची भिंत आतून सोलली गेली होती आणि टायर भंगारात काढावा लागणार होता.

हा भुगा माझ्या त्या तीन किलोमीटरांचा. रबरी चेंडू टाकला त्या उंचीपर्यंत परत उसळत नाही, कारण दबताना घेतलेल्या ऊर्जेतला काही भाग रबर उष्णतेच्या रूपात स्वतःकडेच ठेवते. टायरचेही तसेच आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे १५ वेळा फिरते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदात तितक्याच वेळा वाकतो आणि सरळ होतो. हवा कमी असेल तर हे वाकणे खोलवर होते, उष्णता बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने साठते आणि रबर व त्यातले धागे एकमेकांना सोडू लागतात. द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर टायर फुटला की काँक्रीटला दोष दिला जातो. तापलेला रस्ता थोडी भर घालतो हे खरे, पण कमी हवा, जादा भार आणि सलग वेग हे त्रिकूट माझ्या मते कितीतरी अधिक घातक आहे.

टायर थंड राहतो म्हणून काही जण हवेऐवजी नायट्रोजन भरतात, पण त्याने ही उष्णता टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उपयोग होतो तो दाब मोजण्याचा, आणि तोही टायर थंड असताना. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय असलेला टायर धावून ५५ अंशांवर गेला की दाब जवळपास ३८ होतो. वाटेत चहाला थांबल्यावर तो आकडा पाहून हवा कमी करणारा माणूस थंड टायरच्या हिशेबाने पाच पीएसआय घालवून बसतो. गाडीला हवा तो दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि तो थंड टायरचाच असतो. कळंबोलीच्या त्या दुकानात नवा टायर चढवल्यावर मी आधी तो आकडा वाचला आणि मग डिकी उघडून स्टेपनीतही हवा भरून घेतली.