रानातली व्यसनमुक्ती आणि मुलाची संमती

व्यसनाच्या वाटेला लागलेल्या मुलांना आठ-दहा आठवडे रानात ठेवून सुधारण्याची अमेरिकी पद्धत 2024 पासून पुन्हा चर्चेत आहे. तिचे मूळ सांगताना बहुतेक जण 1941 सालच्या वेल्समधल्या, दर्यावर्दी तरुणांना कणखर करणाऱ्या शाळेकडे बोट दाखवतात. तो धागा आहेच. पण आजच्या छावण्यांची खरी जन्मभूमी अमेरिकेतल्या युटा राज्याचे वाळवंट. 1960च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका विद्यापीठाने अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना जवळपास महिनाभर वाळवंटात चालवले. मुले सावरून परतली. ते विद्यार्थी आपल्या पायांनी गेले होते, हे मात्र पुढे सगळे विसरले.

1988 मध्ये याच परंपरेतल्या एकाने 63 दिवसांचा खासगी कार्यक्रम काढला, सुमारे 16,000 डॉलरना. तेव्हापासून हा धंदा झाला. काठी-दोरीच्या धनुकलीने घासून विस्तव करायचा; नाही पेटला तर डाळ-तांदूळ भिजवून थंडच खायचे. मूल पळू नये म्हणून रात्री बूट काढून घ्यायचे.

आणि मुलाला तिथे न्यायचे कसे? पहाटे दोन धिप्पाड अनोळखी माणसे मुलाच्या खोलीत शिरतात, दिवा लावतात आणि "चल" म्हणतात. आईवडील दारात उभे असतात. पैसे त्यांनीच भरलेले असतात, सही त्यांचीच असते.

याच्या समर्थनार्थ 1979 चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. जॉर्जियातल्या सरकारी मनोरुग्णालयांचे ते प्रकरण. आईवडील मुलाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करू शकतात, त्यासाठी न्यायालयात सुनावणीची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. निकालाचा एवढाच अर्धा भाग सर्वांच्या तोंडी राहिला. उरलेला अर्धा असा : मुलाला खरोखर दाखल करण्याची गरज आहे का, हे एखाद्या तटस्थ व्यक्तीने तपासले पाहिजे, आणि नको म्हणण्याचा अधिकार तिला हवा. ती व्यक्ती डॉक्टर असली तरी चालेल. रानातल्या खासगी छावण्यांनी पालकांचा हक्क उचलला आणि ही तपासणी मागेच राहिली. छावणीच्या पगारावरचा माणूसच 'गरज आहे' म्हणणार असेल तर त्याला तटस्थ कसे म्हणायचे? माझ्या मते या साऱ्या इतिहासाची गाठ इथेच आहे. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक विकारही येतात. अल्पवयीन मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे आणि दाखल असेपर्यंत घरचे किंवा त्यांनी नेमलेले माणूस सोबत राहावे, असे हा कायदा सांगतो.

1990 च्या मे-जूनमध्ये दोन मुली अशा वाटचालीत उन्हाने दगावल्या. युटाने नियम केले. तरीही 1994 मध्ये गांजा ओढतो म्हणून पाठवलेला सोळा वर्षांचा मुलगा युटातल्याच एस्कलांटेच्या रानात दगावला. पोट दुखते म्हणून तो दिवसेंदिवस सांगत होता, वीस पौंडांहून जास्त उतरला होता, आणि सोबतचे म्हणत होते, सोंग करतोय. त्याच्या आतड्याला छिद्र पडले होते. त्यालाही घरून असेच पहाटे नेले होते.

बाहेर मोकळ्यावर राहिल्याने मुले बदलतात, हे अनेक पालक मनापासून सांगतात आणि त्यात तथ्य असावे. पण पुराव्याचा मोठा भाग मुलांनी नि पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा, तुलनेसाठी दुसरा गट न घेतलेला. 2007 मध्ये संघराज्याच्या लेखापरीक्षकांनी निवासी कार्यक्रमांतले दहा मृत्यू तपासले, त्यानंतर आलेली विधेयके अडकली. 2021 मध्ये युटाने तपासण्या वाढवल्या आणि आठवड्यातून एकदा घरच्यांशी खासगीत बोलणे सक्तीचे केले.

फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात बारा वर्षांचा मुलगा छावणीतल्या पहिल्याच रात्री दगावला. त्या छावणीचा परवाना रद्द झाला. डिसेंबरात संघराज्याचा कायदा झाला. त्यात अशा संस्थांचा अभ्यास करण्याचा आदेश आहे. तटस्थ तपासणीची सक्ती नाही.