पेडल कडक की पेडल रिकामं? ट्रॅकवर ब्रेक जाण्याच्या दोन तऱ्हा

ट्रॅक डेहून, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर पळवून आलेला कोणी "ब्रेक गेले" असं सांगू लागला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: पेडल कसं होतं? पायाखाली नेहमीसारखं कडक होतं आणि तरी गाडी थांबत नव्हती, की पेडल सरळ खाली गेलं? बऱ्याच जणांना हा प्रश्न फाटे फोडणारा वाटतो. ब्रेक गेले म्हणजे गेले, त्यात पेडलचं काय? पण पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. पहिल्या प्रकारात चाकासोबत फिरणारी डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडनी हात टेकलेले असतात, दुसऱ्यात पायाचा जोर ब्रेकपर्यंत नेणारं ब्रेक फ्लुइड उकळलेलं असतं. दोन्हींना ब्रेक फेड हेच नाव चालतं, दोन्ही उष्णतेने होतात आणि दोन्ही काही जोरदार लॅप झाल्यावरच डोकं वर काढतात. गल्लत होणं साहजिक आहे. मात्र उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होऊ शकते.

ही उष्णता किती असते ते आधी बघू, कारण रस्त्याच्या सवयीवरून तिचा अंदाज येत नाही. १,५०० किलो वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर साधारण १९ लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. सहा लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. याच गाडीला रस्त्यावर १०० वरून पूर्ण थांबवलं तर पावणेसहा लाख ज्यूलवर भागतं. आता १९ लाखांतला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर आला आणि पुढची एकेक डिस्क १० किलोची धरली, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये डिस्क सुमारे १४० अंशांनी तापते. रस्त्यावर यानंतर ब्रेकना निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर पुढचं वळण काही सेकंदांवर असतं, आणि त्याच्या पुढचं त्याहून जवळ.

ड्रम ब्रेकच्या काळात आणखी एक तऱ्हा होती. ड्रम तापून फुगायचा, आतल्या शूजपासून लांब जायचा आणि पेडलचा प्रवास वाढायचा. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच जाड होते, त्यामुळे ती अडचण तिथे येत नाही. १९५३ साली जॅग्वारच्या सी-टाइपने डिस्क ब्रेक लावून ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा हा फरक सगळ्यांना दिसला. आपल्या गाड्यांपुरते मग हे दोनच प्रकार उरतात.

पॅडपासून सुरुवात करू. रस्त्याच्या पॅडकडून आपण फार गोष्टी मागतो. सकाळी थंड असतानाही पहिल्या दाबाला तो चावला पाहिजे, त्याने करकरू नये, चाकं काळी करू नयेत, डिस्क खाऊ नये. हे सगळं सांभाळणाऱ्या मिश्रणाला मर्यादा असते. पॅडमधले घटक रेझिनने बांधलेले असतात आणि त्याच्या सोसण्यापलीकडे तापमान गेलं की रेझिन जळू लागतं. त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि ०.४ च्या आसपास असलेला घर्षण गुणांक घसरतो. अनेक रस्त्याच्या पॅडची ही घसरण ३०० ते ४०० अंशांच्या पुढे जाणवू लागते.

पायाला हे कसं कळतं? पेडल जिथे थांबायचं तिथेच थांबतं, कडक असतं. तुम्ही जास्त जोर लावता, मांडी भरून येते, आणि गाडी मात्र पुढेच जात राहते. पेडल पंप करून काही उपयोग नाही, कारण दाब पोचतोच आहे, पकड नाही. मात्र हा प्रकार बहुतेक वेळा हळूहळू येतो. या लॅपला ब्रेक थोडा आधी धरावासा वाटतो, पुढच्या लॅपला आणखी आधी. सोबत जळका, झोंबणारा वास येतो. लक्ष असेल तर तुम्हाला सूचना मिळालेली असते.

पुरावाही मागे राहतो. चाक काढा आणि पॅड बाहेर घ्या. चांगल्या पॅडचा पृष्ठभाग एकसारखा मॅट असतो. जळालेल्यावर काचेसारखी चकाकी दिसते, कडा राखाडी पडून भुसभुशीत होतात आणि नखाने खरवडलं तर कण सुटतात. पॅड नवे असूनही पहिल्याच सत्रात असं झालं, तर मिश्रणाला दोष देण्याआधी बेडिंग नीट केलं होतं का ते आठवा. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापतो तेव्हा वायू सोडतोच. म्हणून आधी मध्यम, मग जोरदार असे बरेच ब्रेक लावून त्याला हळूहळू तापवायचं, मध्ये पूर्ण थांबायचं नाही आणि मग निवू द्यायचं. या प्रक्रियेत डिस्कवर पॅडचा पातळ, समान थर बसतो. तो असमान बसला की ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक डिस्क वाकडी झाली असं समजून ती बदलतात.

पॅडच्या कडेला कधी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं सर्वसाधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम असतानाची. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ट्रॅकवरची उष्णता त्या चाचणीच्या पलीकडे जाते, म्हणून अक्षरं बघून ट्रॅकचा पॅड निवडू नका. उत्पादकाने दिलेली तापमानाची कक्षा बघा.

आता फ्लुइड. मला खरी काळजी याचीच वाटते, आणि तयारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं.

पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत पोचतो, कारण द्रव दाबून लहान होत नाही. वाफ मात्र दाबली की लहान होते. कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागे फ्लुइड उकळून बुडबुडे झाले, की पेडलचा सगळा प्रवास ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. नेहमीचं फ्लुइड ग्लायकॉल इथरचं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीतून घेतं, रबरी होजमधूनही घेतं. पाणी शिरलं की उकळबिंदू कोसळतो. फ्लुइडची प्रतवारी डॉटच्या आकड्यांनी सांगतात. डॉट ३ साठी किमान उकळबिंदू कोरडं असताना २०५ अंश आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १४० अंश आहे. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. शर्यतीसाठीची चांगली फ्लुइड कोरडी असताना ३०० अंशांच्या वर जातात. डॉट ५ हा प्रकारच वेगळा, सिलिकॉनचा. नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी तो या बाकीच्यांत मिसळायचा नाही आणि ट्रॅकच्या गाडीत घालायचाही नाही.

हा बिघाड अचानक येतो, असं का? ब्रेक दाबलेला असतो तेव्हा लाइनमधल्या मोठ्या दाबामुळे फ्लुइडचा उकळबिंदूही वर गेलेला असतो. तुम्ही पाय उचलता, दाब उतरतो, आणि डिस्क-पॅडमधली उष्णता मात्र कॅलिपरमध्ये झिरपतच असते. बुडबुडे होतात ते अशा वेळी, सरळ पट्ट्यावर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना. मागच्या वळणावर ब्रेक ठणठणीत लागलेला असतो. पुढच्या वळणावर पेडल खाली जातं. म्हणून "आतापर्यंत तर छान लागत होते" हे वाक्य या प्रकारात हमखास ऐकू येतं, आणि ते खरंच असतं.

अशा वेळी पेडल भराभर पंप करायचं. प्रत्येक दाबाला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला पंप, थोडं आणखी फ्लुइड पुढे ढकलतो आणि दोन-तीन दाबांनी काहीतरी हाताशी लागतं. सोबत गिअर खाली. मग हळू चालवत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्याच्या जागेत या. इथे माणूस फसतो, कारण निवल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल बरंचसं पूर्वीसारखं लागतं. पण एकदा उकळलेल्या फ्लुइडवर पुढच्या सत्राला जाऊ नका. आधी ब्रेकची हवा काढा, नवं फ्लुइड भरा. पॅड फेडमध्ये गाडी निवल्यावर पॅड तपासून, वेग आवरून पुन्हा बाहेर पडता येतं. इथे तशी सवलत नाही.

आता सुरुवातीला म्हटलं तो धोका. रस्त्याचे पॅड दमले, म्हणून कोणी ट्रॅकचे पॅड बसवले आणि फ्लुइड जुनंच ठेवलं. नवे पॅड ५०० अंशांतही चावतात, त्यामुळे ड्रायव्हर उशिरा आणि जोरात ब्रेक लावतो, डिस्क आणखी तापते, आणि ती उष्णता पॅडच्या पत्र्यातून, पिस्टनमधून दोन वर्षं जुन्या फ्लुइडपर्यंत जाते. आधीच्या पॅडनी दमून का होईना, वेग कमी करायला लावला होता. ती सूचना आता काढून टाकली आहे आणि सूचना न देणारा बिघाड समोर आणून ठेवला आहे. म्हणून माझा आग्रह असतो की क्रम उलटा करा: आधी फ्लुइड, मग पॅड. पहिल्या ट्रॅक डेला ताजं, चांगलं फ्लुइड आणि जाड, निरोगी रस्त्याचे पॅड घेऊन गेलात आणि वेग आवरता ठेवलात, तरी दिवस चांगला जातो. पॅडच्या जाडीचाही फ्लुइडशी थेट संबंध आहे. झिजलेला पॅड उष्णता अडवत नाही, म्हणून निम्म्याच्या खाली आलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नयेत. पॅडच्या मागे टायटॅनियमचे पातळ पत्रे घालतात तेही उष्णता पिस्टनपर्यंत जाऊ नये म्हणूनच. स्टीलची जाळी असलेले होज पेडल घट्ट करतात, पण फ्लुइडचा उकळबिंदू त्यांनी एक अंशही वाढत नाही.

हवा काढताना पारदर्शक नळी वापरा आणि तिच्याकडे नीट बघा. कॅलिपरवरचा निपल, म्हणजे हवा काढायचं बारीक तोंड, उघडताच आधी तपकिरी फ्लुइड येतं, मग एखादा बुडबुडा निपलच्या तोंडाशी अडकून राहतो आणि पुढच्या दाबाला सुटतो. रंग स्वच्छ झाला तरी थांबायचं नाही, बुडबुडे यायचे थांबले पाहिजेत. पेडल वर सोडण्याआधी निपल बंद, नाहीतर हवा परत आत जाते. चार पिस्टनच्या कॅलिपरला अनेकदा आत-बाहेर दोन निपल असतात आणि एक विसरला की पेडल मऊच राहतं. टाकीतली पातळी दर थोड्या वेळाने बघा, आणि सांडलेलं फ्लुइड लगेच पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं.

या दोन्हींसारखे भासणारे आणखी प्रकार आहेत. वळणाच्या कडेच्या उंच कर्बवरून गेल्यावर किंवा लांब, जोरदार वळणानंतर डिस्क किंचित हलते आणि पिस्टन मागे ढकलले जातात. त्याला नॉक-बॅक म्हणतात. पहिलं पेडल लांब जातं, दुसऱ्या दाबाला घट्ट लागतं. हे फ्लुइड उकळल्यासारखंच वाटतं, पण ब्रेक तापलेले नसतानाही होतं. म्हणून अनेक जण सरळ पट्ट्यावर, वळणाच्या आधी, डाव्या पायाने पेडलला हलकासा स्पर्श करतात. असाच गोंधळ कडक पेडलमध्येही होतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम कमी मिळाला, किंवा उंचवट्यांवर एबीएस गोंधळून दाब रोखू लागलं, तर पेडल दगडासारखं होतं आणि दोष पॅडवर येतो.

अंदाज नको असेल तर मोजा. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला बदलतो. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या असतात, त्या गाठलेलं कमाल तापमान दाखवतात. डिस्कचा रंग पॅडचा निर्णय सांगतो, कॅलिपरची पट्टी फ्लुइडचा. दोन्ही जास्त आले तर हवेचा पाइप डिस्कच्या मध्याशी नेऊन सोडा. आतून पोकळ डिस्क हवा मध्यातून ओढून कडेने बाहेर फेकते, म्हणून पाइप नुसता चाकाकडे वळवून भागत नाही.

सत्राची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू काढा. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावा, आणि थोड्या वेळाने गाडी जराशी पुढे ढकला, म्हणजे तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागेला चिकटून राहत नाही. उभ्या गाडीत वारा नसतो, उष्णता कॅलिपरमध्येच मुरते, आणि कधी कधी फ्लुइड नेमकं तेव्हाच उकळतं. म्हणून पुन्हा निघण्याआधी पिटमध्येच पेडल दाबून बघा.

ट्रॅकचे पॅड बसवले असतील तर परतीच्या आधी रस्त्याचे पॅड पुन्हा चढवा. ते शक्य नसेल तर निघाल्यावर पहिले काही ब्रेक फार आधीपासून, पुढच्या गाडीशी मोठं अंतर ठेवून लावा. थंड असताना त्यातले बरेचसे पॅड रस्त्याच्या साध्या पॅडइतकेही चावत नाहीत.