मॅग्नेट रोटरच्या वर की पोटात? एसपीएम आणि आयपीएम मोटरमधला फरक

ईव्हीच्या ब्रोशरवर 'पीएमएसएम मोटर' (म्हणजे पर्मनंट मॅग्नेट सिंक्रोनस मोटर) एवढंच छापलेलं असतं आणि लोक त्याच्यावरून दोन गाड्यांची तुलना करत बसतात, पण पीएमएसएम हे नुसतं आडनाव झालं हो, त्या घरात एसपीएम (सरफेस पर्मनंट मॅग्नेट) आणि आयपीएम (इंटीरियर पर्मनंट मॅग्नेट) असे दोन भाऊ आहेत आणि दोघांचे स्वभाव पार वेगळे. स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) तसाच, त्यावरचं तारेचं वाइंडिंग तसंच, बाहेरून बघून काही कळत नाही. एसपीएममध्ये मॅग्नेट रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) अंगावर चिकटवलेले, आयपीएममध्ये रोटरच्या लॅमिनेशनला (लोखंडी पत्र्यांच्या थप्पीला) खाचा पाडून आत सरकवलेले, बहुतेक वेळा 'व्ही' आकारात.

एवढ्याने काय होतं? बरंच होतं. निओडायमियम मॅग्नेट स्टेटरच्या फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) जवळपास हवेसारखाच वाटतो, त्याची रिलेटिव्ह परमिएबिलिटी (हवेच्या तुलनेत फ्लक्सला वाट देण्याची क्षमता) १.०५ च्या आसपास. म्हणजे एसपीएमचा रोटर कसाही फिरवा, फ्लक्सला चहूबाजूंनी सारखीच मोठी गॅप दिसते. आयपीएममध्ये मात्र मॅग्नेटच्या दिशेने (डी-अ‍ॅक्सिस) वाट अडलेली आणि दोन पोलच्या मधे (क्यू-अ‍ॅक्सिस) सलग लोखंड, म्हणून क्यू इंडक्टन्स (तेवढ्याच करंटला किती फ्लक्स तयार होतो ते) डी पेक्षा जास्त येतो, आणि हे लोखंड स्वतःच फ्लक्सच्या सोयीच्या बाजूला वळायला बघतं. हा रिलक्टन्स टॉर्क, मॅग्नेटच्या टॉर्कवर वरकड मिळणारा.

आकडे घालून बघू. समजा ४ पोल-पेअर (उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या), मॅग्नेटचा फ्लक्स ०.०५ वेबर, करंट ३०० अँपिअर पीक. एसपीएममध्ये सगळा करंट क्यू-अ‍ॅक्सिसवर टाकला की ९० न्यूटन-मीटर, बस, विषय संपला. आयपीएममध्ये तेवढाच फ्लक्स धरू, डी इंडक्टन्स ०.१ आणि क्यू ०.२५ मिलिहेन्री, आणि करंट क्यू-अ‍ॅक्सिसपासून ३० अंश पुढे ढकलू, म्हणजे त्याचा काही भाग डी-अ‍ॅक्सिसवर उलटा जातो. मग मॅग्नेटचा टॉर्क ७८ वर उतरतो, पण रिलक्टन्सचे ३५ मिळतात, एकूण ११३. करंट तोच! फक्त तो ३० चा कोन कंट्रोलरला प्रत्येक लोडला बदलत ठेवावा लागतो, लोखंड सॅच्युरेट झालं (आणखी फ्लक्स घेईनासं झालं) की इंडक्टन्सही बदलतात, त्यामुळे टेस्ट बेंचवर टेबलं भरत बसायचं काम आयपीएमवाल्यांच्या नशिबी येतं.

हायवे स्पीडला फरक अजून वाढतो. स्पीडसोबत बॅक-ईएमएफ (फिरणारे मॅग्नेट वाइंडिंगमध्ये तयार करतात ते उलटं व्होल्टेज) वाढते, ती बॅटरीच्या व्होल्टेजला टेकली की पुढे जायला डी-अ‍ॅक्सिसवर उलटा करंट देऊन मॅग्नेटचा फ्लक्स दाबावा लागतो, ह्यालाच फील्ड वीकनिंग म्हणतात. एसपीएमचा इंडक्टन्स कमी, मग दाबायला भरपूर करंट लागतो आणि तो नुसता उष्णता करण्यात जातो. आयपीएममध्ये तोच उलटा करंट वर टॉर्कही देतो. २०१० च्या टोयोटा प्रियसची मोटर १३,५०० आरपीएमपर्यंत जायची, ती आयपीएमच, आणि मॉडेल एस (मॅग्नेट नसलेल्या) इंडक्शन मोटरवर काढणारी टेस्ला २०१७ मध्ये मॉडेल ३ ला ह्याच बाजूला आली.

आता मेकॅनिकल भानगड. ५० मिमी त्रिज्येवर बसलेला २० ग्रॅमचा मॅग्नेट १२,००० आरपीएमला साधारण १६० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर पळायला बघतो. नुसत्या गोंदावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून एसपीएमवर कार्बन फायबरची वगैरे स्लीव्ह चढवतात, पण स्लीव्हच्या जाडीने गॅप अजून वाढते. आयपीएममध्ये मॅग्नेटला लोखंडाचे बारीक ब्रिज धरून ठेवतात आणि डिझायनरची खरी झोप तिथेच उडते: ब्रिज जाड केला तर मॅग्नेटचा फ्लक्स रोटरमधल्या रोटरमध्येच शॉर्ट होतो, बारीक केला तर स्पीडला तुटायची भीती.

म्हणून आयपीएम सरसकट भारी म्हणायचं का, तर नाही. स्कूटरच्या हब मोटरमध्ये (चाकातच बसवलेल्या मोटरमध्ये) रोटर बाहेर फिरतो, मॅग्नेट रिंगच्या आतल्या बाजूला असतात, सेंट्रिफ्युगल फोर्स त्यांना उलट रिंगवरच दाबतो, स्लीव्हची गरजच नाही आणि स्पीडही हजार आरपीएमच्या आतबाहेर. तिथे आयपीएमचा खटाटोप मला तरी उगाच वाटतो.

मॅग्नेटच्या पुरवठ्याचंही आहेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसकट सात रेअर अर्थवर एक्सपोर्ट लायसन्स लावलं आणि आपल्या पुण्याच्या बजाजलासुद्धा चेतकचं प्रॉडक्शन कमी करावं लागलं. डिस्प्रोसियम मॅग्नेटला गरम असताना डीमॅग्नेटाइझ होण्यापासून वाचवतं. रिलक्टन्सचा वाटा वाढवला की तेवढ्याच टॉर्कला मॅग्नेट कमी लागतो, त्यामुळे ह्या बाबतीत आयपीएमला थोडी सवड आहे.

हातात मोटर असेल आणि उघडायची नसेल तर मोटरच्या दोन फेजच्या वायरींमध्ये एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारं मीटर) लावा आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवा. रीडिंग ठळकपणे वरखाली झालं तर आयपीएम, जवळपास जागेवर राहिलं तर बहुधा एसपीएम. बहुधा अशासाठी की काही कॉन्सन्ट्रेटेड वाइंडिंगच्या (स्टेटरच्या एकेका दातावर गुंडाळलेल्या) आयपीएममध्ये हा फरक फार कमी दिसतो.