घरचं लोशन नासलं कशामुळे?

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली आणि काहीच पडलं नाही की समजायचं, नाशिकची थंडी आली. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि आमच्याकडे पंचवटीत सकाळी १० अंश म्हणजे काही विशेष नाही, तिकडे निफाडला तर पारा ५ च्या आसपास जातो आणि द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. आणि मग टाचा, ओठ, हाताची कोपरं, सगळं पांढरं फटक, नखाने रेघ ओढली तर पाटीवर ओढल्यासारखी दिसते.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं म्हणून मी हौसेने घरी लोशन केलं. कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, वितळवलेलं खोबरेल, सगळं मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून फिरवलं. पांढरंशुभ्र झालं, अगदी विकतच्यासारखं, बरणीत भरून बहिणीला फोटो पण पाठवला. संध्याकाळी बघते तर वर तेलाची वडी गोठून बसलेली आणि खाली हिरवट पाणी. परत फिरवलं. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर कडेला काळे ठिपके आणि असा आंबूस वास की नाक बाजूला घ्यावं. सासूबाई तिथेच पोळ्या लाटत होत्या, मागे न बघताच म्हणाल्या, "अगं पाणी राहिलेलं काही टिकतं का? लोणी कढवून तूप कशाला करतो मग आपण?"

आता बघा, लोशनची निम्मी केमिस्ट्री त्यांनी तिथेच सांगून टाकली. लोशन म्हणजे काय तर पाण्यात तेलाचे बारीक बारीक थेंब तरंगत ठेवलेले, याला इमल्शन म्हणतात. आणि असं इमल्शन आपण रोज सकाळी पिशवी फोडून पातेल्यात ओततो, दूध. दुधात स्निग्धाचे थेंब पाण्यात तरंगतात आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं म्हणून ते लगेच एकमेकांना चिकटत नाहीत. साय किंवा दही घुसळलं की ती आवरणं फुटतात, थेंब एकत्र येतात आणि गंमत म्हणजे सगळं उलटं होतं, आता स्निग्धात पाण्याचे थेंब अडकतात, ते लोणी. म्हणजे दूध हे लोशन धरा, लोणी ही कोल्ड क्रीम, आणि कढवून पाणी उडवलं की तूप. दूध बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत नासतं, लोणी काही दिवस जातं, तूप महिनोन्महिने. बॅक्टेरिया आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं, नुसत्या तेलात त्यांचं काही चालत नाही.

माझ्या बरणीत दोन गोष्टी कमी होत्या. एक म्हणजे ते आवरण तयार करणारा पदार्थ, इमल्सिफायर, त्याच्याशिवाय मिक्सर कितीही फिरवा, तेल वर येणारच. दुसरं म्हणजे प्रिझर्वेटिव्ह. विकतच्या लोशनच्या बाटलीवर मागे फिनॉक्सिइथेनॉल वगैरे लिहिलेलं असतं ते त्यासाठीच, युरोपात त्याची मर्यादा १ टक्का आहे, म्हणजे अगदी थोडं लागतं, पण लागतं. लोक सांगतात व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घाला, टिकेल. नाही टिकत. व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायचं लांबवतं, बुरशीशी त्याचा काही संबंध नाही, दोन्ही वेगळी दुखणी आहेत. आणि नेहमी डोळ्याला ठिपके दिसतीलच असंही नाही, बॅक्टेरिया वाढलेलं लोशन दिसायला अगदी चांगलं असू शकतं, आणि तेच तुम्ही भेगा पडलेल्या टाचेत चोळणार!

बरं मुळात कातडी कोरडी का पडते. दोष नुसता थंडीचा नाही, दुपारचा जास्त. १० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम वाफ मावते, २८ अंशांना २७ ग्रॅम. नाशिकला हिवाळ्यात सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, हवा तीच, वाफ तेवढीच, पण जागा तिप्पट झाली. सकाळी गोदाकाठी धुकं असलेली हवा दुपारी तीस-पस्तीस टक्के आर्द्रतेवर येते आणि मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढते, दोरीवरच्या कपड्यांतून आणि आपल्या अंगातूनही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर साधारण १० ते २० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या पाचवा हिस्सा. त्यात मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या दर्जा म्हणजे फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या, त्यात निम्मं सेरामाइड, पाव कोलेस्टेरॉल आणि बाकी बहुतेक फॅटी अॅसिड्स. कडकडीत पाणी आणि साबण मिळून या दर्जा उकरून काढतात. टाचांचं तर अजून वाईट, तळव्याला तेलाच्या ग्रंथीच नसतात, कातडी जाड, वरून सगळ्या अंगाचा भार, मग तडे तिथेच आधी जाणार.

तर माझं म्हणणं असं की पाणी बरणीत घालूच नका. आंघोळीनंतर अंगावर फुकट असतंच की. पंच्याने खसाखसा न पुसता नुसतं टिपायचं आणि दोन-तीन मिनिटांत, अंग ओलसर असतानाच, बिनपाण्याचं मलम चोळायचं. मलम पाणी आत कोंडून ठेवतं, लोशन तिथल्या तिथे तयार होतं आणि नासायला वेळच मिळत नाही.

मलमाला १०० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम मधमाशीचं मेण, वजन काट्यावर करा, चमच्याने नको. मेण काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, मी भद्रकालीतून आणते, मधाचा वास येतोय ना ते हुंगून घ्यायचं, मेणबत्तीचं पॅराफिन नको. मेण ६२-६४ अंशांना वितळतं म्हणून थेट गॅसवर ठेवायचं नाही, पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात वाटी ठेवायची, मेण विरघळलं की उतरवून कोरड्या डबीत ओतायचं. डबी खरंच कोरडी हवी आणि ओली बोटं आत घालायची नाहीत, मी जुन्या चमच्याने काढून घेते.

तेल कुठलं, यावर घरोघरी वाद. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून चांगलं असं काही नाही, त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्या दर्जा अजून सैल करतं असं प्रयोगात दिसलंय. करडई आणि सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, ते कातडीला मानवतं, आणि करडई तर आपल्या घरातलंच तेल. फक्त ते लवकर खवट होतं म्हणून मी निम्मं करडई निम्मं खोबरेल घेते, आणि इथे मात्र व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल उपयोगी पडते. महिन्या-दीड महिन्यापुरतंच करायचं.

शतधौत घृत पण करून पाहिलं. तांब्याच्या परातीत साजूक तूप, थंड पाणी, तळहाताने घोळायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवीन पाणी, असं १०० वेळा. ४० व्या धुण्याला माझा खांदा गेला, उरलेलं नवऱ्याने केलं. पण होतं काय, पिवळं रवाळ तूप पांढरं, मऊ, लोण्यासारखं होतं, तुपात पाण्याचे बारीक थेंब अडकतात, म्हणजे कढवून काढलेलं पाणी आपण परत घालतो! लावायला फार छान, करायला वैताग.

ग्लिसरीन नुसतं चोपडू नका, ते पाणी ओढणारं आहे आणि हवा कोरडी असेल तर कातडीतूनच ओढतं. ओल्या तळहातावर दोन थेंब, वर मलम. आणि लिंबू अजिबात नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग उठतात. भेगांतून रक्त येत असेल किंवा घरात कुणाला डायबेटिस असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना पाय दाखवा.

आणि खरं सांगू, पाणी कोंडून ठेवण्यात १८७२ साली पेटंट घेतलेलं व्हॅसलीन माझ्या मलमापेक्षा आजही सरस आहे, आणि पडतंही स्वस्त. मी तरी मलमच करते, वास आवडतो म्हणून. फक्त डबी गाडीच्या डिकीत विसरू नका. मागच्या एप्रिलमध्ये कॉलेज रोडला उन्हात गाडी लावली होती, परत येऊन बघते तर मलम वितळून आरसी बुकात मुरलेलं, आणि पानं अजूनही मधाच्या वासाची.