पॅटर्न एक, कास्टिंग शंभर

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परवा म्हणतो, "मामा, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या व्याख्या सगळ्या तोंडपाठ हायत, पण क्लास कुठला आणि ऑब्जेक्ट कुठला हे काय कळंना बघा." मग त्याला उद्यमबागेत ओळखीच्या फाउंड्रीत घेऊन गेलो, कारण बेळगावात राहून हे फळ्यावर शिकायचं म्हणजे कमालच की.

तिथं लाकडी पॅटर्न वाळूत दाबतात, तो काढून घेतला की राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. बीड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा केलेला असतो. पॅटर्न एकच, त्यातनं पंपाची बॉडी निघते शंभर, पण प्रत्येकीचा नंबर वेगळा, वजन थोडं इकडंतिकडं, एखादीत ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघून ती थेट भंगारात. पॅटर्न म्हणजे क्लास, बॉडी म्हणजे ऑब्जेक्ट. पॅटर्नमधनं कधी पाणी खेचता येत नाही, झालं.

ही कल्पना आली नॉर्वेतनं. ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांना कॉम्प्युटरवर रांगा, मशीनी, गिऱ्हाइकं अशा गोष्टींची नक्कल चालवून बघायची होती, म्हणजे शेकडो वस्तू आणि प्रत्येकीची अवस्था वेगळी. त्यातनं सिम्युला ६७ भाषा झाली. दोघांना २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, मिळाला.

आता एन्कॅप्सुलेशन, म्हणजे ऑब्जेक्टची आतली माहिती झाकून ठेवायची. समजा प्रोग्राममध्ये कुणीही बॉडी.वजन = -४ असं लिहू शकतो, आणि कुणीतरी लिहितोच, मग महिन्याभरानं बिलात घोळ दिसतो आणि चूक हजार ओळींत शोधत बसायची. त्यापेक्षा वजन प्रायव्हेट ठेवायचं, बदलायला एकच दार, बॉडी.वजन_नोंदव(-४), आणि ते दारच म्हणणार की शून्याखालचा आकडा चालत नाही. शोधायचं झालं तर जागा एकच.

पॉलिमॉर्फिझम, म्हणजे हुकूम एकच पण प्रत्येक ऑब्जेक्ट तो आपापल्या परीनं पाळणार, हे तर जेवणाच्या भोंग्यातच आहे. भोंगा एकच, लेथवाला मशीन बंद करतो, पण भट्टीवाला भट्टी बंद करत नाही, मेटल गोठलं तर संपलंच, तो नुसता पाळी बदलतो. भोंगा वाजवणाऱ्याला कोण काय करतो हे माहीत असायची गरजच नाही.

इन्हेरिटन्सला, म्हणजे एका क्लासवरनं दुसरा क्लास बेतायला, मात्र फाउंड्रीचं उदाहरण तोकडं पडतं. पॅटर्न रंधला तरी आधी विकलेल्या बॉडीला काय फरक पडत नाही, पण मूळ क्लास बदलला की त्याच्यावर बेतलेले सगळे क्लास बदलतात, कधी कधी न सांगता बिघडतात पण. म्हणून आधी विचारायचं, हा त्याचाच प्रकार आहे, का त्याला नुसता जोडलाय? भाच्याची असाइनमेंट घरी येऊन बघितली तर पठ्ठ्यानं पंप क्लास मोटर क्लासचं पोर करून ठेवलेला.