जिवंत चित्राची थाळी : घरी नेण्यापूर्वी कृपया वाचावे

आमच्या संचातील काळी थाळी म्हणजे जेलीसारखा गोठणारा अगर, बटाट्याचा अर्क, साखर आणि सक्रिय कोळशाची पूड यांचा गोठलेला थर असून सोबतच्या कुपीत पाव फुगवणारे बेकरीचे यीस्ट आहे. या यीस्टमध्ये काडी बुडवून थाळीवर रेघ ओढली, तर त्या दिवशी जवळजवळ काहीच दिसत नाही आणि आपण अंदाजानेच चित्र काढत असता. दुसऱ्या दिवशी मात्र रेघेवर रव्यासारखे बारीक दाणे उमटतात, आणि पुढच्या दिवशी ते एकमेकांत मिसळून सायीच्या रंगाची, किंचित उंच अशी कड तयार होते. काडी टेकवताना हात हलकाच ठेवावा. अगर फाटला की रेघ त्या चिरेत पसरते.

अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. जर्मनीत जिवाणूंचा अभ्यास करणारे वॉल्टर हेस यांच्या प्रयोगशाळेतील, जिवाणू वाढवण्यासाठीचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळत असे, तेव्हा 1881 साली त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी घरी जेली गोठवण्यासाठी वापरला जाणारा अगर सुचवला. एकदा गोठलेला अगर सुमारे 85 अंशांपर्यंत वितळत नसल्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही आपली थाळी वितळणार नाही. चिंता आहे ती यीस्टची, कारण त्याला 30 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि 40 च्या पुढे त्याची वाढ खुंटते. आमचीच एक थाळी पश्चिमेच्या खिडकीत राहिली होती. दोन दिवसांत अगर सुकून कडेपासून सुटला आणि चित्र उमटलेच नाही. म्हणून उन्हाळ्यात थाळी कूलर असलेल्या खोलीत, झाकणाची बाजू खाली करून ठेवावी, म्हणजे साचलेले पाणी चित्रावर पडत नाही. डिसेंबरच्या थंडीत हेच चित्र उमटायला चार-पाच दिवस लागू शकतात.

रंगीत जिवाणू घरी का देत नाही, असे अनेक ग्राहक विचारतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग रंगीत जिवाणूंनी चित्रे काढत असत, पण ते जिवाणूशास्त्रज्ञ होते आणि हे काम प्रयोगशाळेत चाले. सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा लाल रंग मोहक असतो, परंतु प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीला त्यापासून संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे तो आम्ही वापरतच नाही. पिवळा मायक्रोकॉकस ल्युटियस हवा असल्यास आमच्या कार्यशाळेत, आमच्या देखरेखीखाली काम करता येते.

चित्र काढून झाल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि त्यानंतर ते उघडू नये. छायाचित्र झाकणावरूनच काढावे. हिरवी किंवा काळी, लोकरीसारखी वाढ दिसली, तर ती हवेतून आलेली बुरशी समजावी आणि थाळीचा वास घेऊन पाहू नये. थाळी अन्नापासून व लहान मुलांपासून दूर ठेवावी आणि दहा दिवसांच्या आत, बंद स्थितीतच, आमच्या दुकानात परत आणून द्यावी. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या यंत्रात) 121 अंशांवर निर्जंतुक करून तिची विल्हेवाट आम्ही विनामूल्य लावतो.